रंगाखालचं पितळ: नॅरो गेजसाठी सेकंडहँड इंजिन घेताना

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागात रुळांबद्दल बोलता बोलता मी सहज म्हणून गेलो की माझ्याकडे चार इंजिनं आहेत, त्यातली तीन पितळेची, आणि तिन्ही कोणाची तरी वापरलेली. त्या एका वाक्यावर जेवढ्या मेल आल्या तेवढ्या रुळांच्या अख्ख्या भागावर आल्या नाहीत. पितळेचं घ्यावं का, जुनं घ्यावं का, किती पैसे द्यावेत. आणि एका श्रोत्याचा तर सरळ प्रश्न: "यात फसवणूक होते का हो?" होते. पण माझा अनुभव असा की समोरच्याने फसवण्याआधी आपणच स्वतःला फसवून बसलेलो असतो.

गेल्या हिवाळ्यात इथे डेन्व्हरजवळ माझ्या ओळखीचे एक वयस्कर मॉडेलर वारले. नाव घेत नाही. महिन्याभराने त्यांच्या पत्नीचा फोन आला, की तळघरात इंजिनांची खोकी आहेत, जरा येऊन बघाल का. नऊ खोकी होती. एका व्यापाऱ्याने नऊचे मिळून १,८०० डॉलर सांगितले होते, रोख, उद्या येऊन नेतो. हे बरोबर आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि मी ऐकतोय कुठे, मी खोक्यांवरची लेबलं वाचत होतो. तिसऱ्या खोक्यावर लिहिलं होतं के-२७. हे इंजिन मी सहा वर्षं शोधत होतो. म्हणजे बघा, किंमत सांगणारा मीच आणि गिऱ्हाईकही मीच. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

नवीन श्रोत्यांसाठी. मी जी रेल्वे करतो ती कोलोरॅडोची तीन फुटी नॅरो गेज. डेन्व्हर अँड रिओ ग्रान्दे वेस्टर्न, आणि तिच्यातला चामा ते कंब्रेस खिंड हा चार टक्के चढाचा तुकडा. प्रमाण १:८७, म्हणजे एचओ. तीन फूट म्हणजे ९१४ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की साडेदहा मिलिमीटर. तेवढ्या अंतराच्या रुळांना एचओएन-३ म्हणतात. आपल्याकडच्या लोकांनी हा हिशेब जरूर करून बघावा. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याच प्रमाणात ती पावणेनऊच्या आसपास येते, म्हणून ९ मिलिमीटरचे रूळ चालून जातात. माथेरान दोन फुटी, ते सात मिलिमीटर. माझं आजोळ नेरळचं, त्यामुळे हे वेड कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. माथेरानचा चढ कंब्रेसपेक्षाही खडा, वीसास एक. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या गाड्या अशाच चालतात, माणूस शेजारून चालत गेला तरी मागे पडत नाही. मग तुम्ही म्हणाल, माथेरान का नाही केलंत? कारण साधं आहे. मला इंजिनं बनवता येत नाहीत, विकत घेता येतात. आणि कोलोरॅडोची विकत मिळतात.

मिळतात, कारण एके काळी ती जपानमध्ये हाताने बनत होती.

हा इतिहास थोडा माहीत असला की खोक्यावरचं लेबल वाचता येतं. १९५० च्या दशकापासून अमेरिकेतले आयातदार जपानमधल्या छोट्या कारखान्यांकडून पितळी इंजिनं बनवून घेऊ लागले. पॅसिफिक फास्ट मेल, वेस्टसाइड, बाल्बोआ ही त्यातली नावं. तेव्हा एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला दर होता, त्यामुळे पत्रा कापून, वाकवून, शेकडो बारीक भाग सोल्डर करून बनवलेलं इंजिन अमेरिकन पगारदाराला परवडायचं. १९७१ मध्ये तो दर सुटला, येन महागला, जपानमधली मजुरीही वाढली, आणि हे काम हळूहळू कोरियाकडे गेलं. सॅमहोंग्सा, अजिन ही तिकडच्या कारखान्यांची नावं. आता लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं ते आयातदाराचं नाव. बनवणारा वेगळा. एकाच आयातदाराने वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल घेतला आहे. त्यामुळे "अमुक कंपनीचं म्हणजे चांगलंच" असं कोणी म्हणालं, तर विचारा, कोणी बनवलेलं आणि कोणत्या काळातलं? ढोबळ सांगायचं तर जुन्या जपानी इंजिनांची बांधणी भक्कम, बारकावे कमी, मोटर जुन्या पद्धतीची. नंतरच्या कोरियन इंजिनांवर बारकावे भरपूर, मोटर चांगली, पण हात लावाल तिथे काहीतरी वाकेल अशी नाजूक. मला चालवायला इंजिन हवं असतं, म्हणून मी जुन्या जपानीकडे झुकतो. कपाटात ठेवणाऱ्याने माझं ऐकू नये.

आता माझी पहिली चूक. आठ वर्षांपूर्वी मी ऑनलाइन लिलावात के-३६ घेतलं. रिओ ग्रान्देच्या नावात 'के' म्हणजे मिकाडो, २-८-२ चाकांची रचना. ३६ म्हणजे ओढण्याची ताकद सुमारे ३६ हजार पौंड. बाल्डविनने १९२५ मध्ये अशी दहा बनवली, आणि त्यातली काही आजही चामाला आणि दुरँगोला पर्यटकांच्या गाड्या ओढतात. मी त्यातल्याच एकाच्या मागे बसून कंब्रेस चढलो होतो, त्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं. वर्णनात लिहिलं होतं "अनटेस्टेड". सेकंडहँड बाजारात या शब्दाचा अर्थ फार वेळा असा असतो की तपासलं, चाललं नाही. आपल्याकडे "डॉक्टरने वापरलेली गाडी" म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पण गंमत म्हणजे इंजिन चालत होतं. अगदी छान चालत होतं, सरळ रुळावर. माझ्या लेआउटची वळणं तेव्हा १८ इंच त्रिज्येची होती. वळण आलं की पुढची छोटी चाकं सिलिंडरला टेकायची, पितळ पितळेला लागलं की शॉर्ट, आणि गाडी बंद. मी आठवडाभर चाकं घासत बसलो. शेवटी वळणं तोडून २४ इंचांची केली. सव्वाचारशे डॉलरच्या इंजिनासाठी अर्धं लेआउट उखडलं, आणि हे सगळं बायकोला तळघरातल्या आवाजावरूनच कळलं.

म्हणून इंजिन बघायच्या आधी आपलं सगळ्यात घट्ट वळण मोजा. फूटपट्टीने, अंदाजाने नाही. तुमची वळणं १८ इंचांची असतील तर के वर्गाचा नाद सोडा आणि सी वर्गाची छोटी २-८-० बघा. खऱ्या रेल्वेवरही हाच हिशेब होता. अवघड शाखांवर छोटी इंजिनं, मुख्य मार्गावर मोठी. विकणाऱ्याला "किती त्रिज्येवर चालतं" असं विचारून उपयोग नाही, कारण बहुतेक इंजिनं त्याने कधी चालवलेलीच नसतात.

आता त्या तळघरात परत येऊ. मी त्यांना सांगितलं की मला दोन संध्याकाळी द्या, नऊच्या नऊ तपासतो, आणि प्रत्येकाची एक चिठ्ठी करतो. व्यापाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगा. आणि हेही सांगितलं की यातलं एक मला स्वतःला हवं आहे, तेव्हा माझ्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. हे बोलायला मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. अठराशेत नऊ म्हणजे एक दोनशेला पडतं, आणि "बरोबर आहे, पण हे एक मला द्या" एवढंच म्हणायचं होतं.

सोबत काय नेलं होतं? साडेदहा मिलिमीटरचा फूटभर रूळ, १२ व्होल्टचा साधा डीसी पॉवर पॅक, मल्टिमीटर, भिंग, एनएमआरएचं चाकं मोजायचं पट्टीसारखं गेज, कापसाच्या काड्या, आणि एक नऊ व्होल्टची बॅटरी दोन तारा लावून. कोणाच्या टेबलावर फक्त पाच मिनिटं मिळणार असतील तर एवढी ही बॅटरी पुरते. जुन्या पितळी वाफेच्या इंजिनात वीज एका रुळावरून इंजिनाच्या चाकांतून येते आणि दुसऱ्या रुळावरून टेंडरच्या चाकांतून. म्हणजे इंजिनाचा सांगाडा एक टोक, टेंडरचा सांगाडा दुसरं टोक. इंजिन उचलून धरायचं, एक तार इंजिनाला, दुसरी टेंडरला. चाकं फिरली तर मोटर जिवंत. तारा उलट करा, उलटी फिरली पाहिजेत.

पण त्याआधी खोकं. पहिलं खोकं उघडलं आणि आतला फोम हाताला चिकटला. जुन्या खोक्यांतला स्पंज वर्षानुवर्षांत कुजतो, त्याचा चिकट भुगा होतो, आणि तो रंगाला नाहीतर वरच्या पारदर्शक लॅकरला धरून बसतो. त्या इंजिनाच्या बॉयलरवर एका बाजूला स्पंजची जाळी उमटली होती. कारखान्याच्या रंगाचं इंजिन असेल तर अशा डागाने किंमत खूप उतरते. बिनरंगाचं असेल आणि तुम्ही रंगवणारच असाल, तर तेच इंजिन स्वस्तात घ्यायची संधी. मला विचाराल तर घरी आणलेल्या प्रत्येक जुन्या खोक्यातला फोम त्याच दिवशी काढून टाकावा. मी इंजिन पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून नवीन फोममध्ये ठेवतो.

आणि पितळ काळं पडलंय म्हणून घाबरू नका. लॅकर जिथे गेलं तिथे ते काळपट होणारच. फक्त घासू नका. माझी आई इथे आली होती तेव्हा टेबलावरचं इंजिन बघून म्हणाली, "अरे, काय हे, देवाच्या समया बऱ्या. चिंच असली तर दे, लख्ख करते." मी जिना दोन उड्यांत उतरलो. चिंचेने पितळ लख्ख होतं हे खरं, पण चिंचेचा कोळ गिअरमध्ये, बेअरिंगमध्ये, सोल्डरच्या सांध्यांत जाऊन बसला की पुढे काय होईल ते बघायची माझी तयारी नव्हती.

रंगाबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण खरी फसगत तिथे होते. बिनरंगाच्या इंजिनावर सगळं उघड दिसतं. कुठे सोल्डर सुटला, कुठे पुन्हा लावला, कुठला पाइप वाकला. रंगवलेलं इंजिन म्हणजे मेकअप केलेला चेहरा. नऊपैकी दोन इंजिनं सुरेख काळी रंगवलेली होती, नंबर, अक्षरं, सगळं. भिंगाखाली धरल्यावर एकाच्या कॅबच्या कोपऱ्यात जाड थर दिसला, आणि खिळ्यांच्या ओळीतले चार-पाच खिळे गायब. म्हणजे कधीतरी पडलंय, कोपरा सरळ केलाय, भरलाय आणि वरून रंग मारलाय. शब्दशः पितळ उघडं पडलं. चालण्याला त्याने काही बाधा नाही, पण दोनशेचं इंजिन साडेचारशेला घेणाऱ्याला ते माहीत असायला हवं. म्हणून रंगवलेल्या इंजिनाचे कोपरे बघा, पायऱ्या बघा, पुढचा गायकाढू बघा, आणि खाली उलटं करून बघा. रंगवणारा पोटाकडे फारसं लक्ष देत नाही.

आता चाकं. जुन्या इंजिनांच्या चाकांच्या कडा कधीकधी खोल असतात. तुमचे रूळ कोड ५५ चे, म्हणजे ०.०५५ इंच उंचीचे असतील, तर त्या कडा खिळ्यांच्या डोक्यांवरून खडखडत जातात. कोड ७० वर सहसा निभावतं. गेज लावून दोन चाकांतलं अंतर बघा. एखादं चाक आत सरकलेलं असतं आणि मग ते प्रत्येक सांध्यावर उतरतं, आणि आपण सांध्याला शिव्या घालत बसतो.

के-२७ ला इथे वेगळी काळजी लागते. हे इंजिन बाल्डविनने १९०३ मध्ये बनवलं, एकूण १५, लोक त्याला मडहेन म्हणायचे. त्याची चौकट चाकांच्या बाहेर असते, त्यामुळे चाकं आत लपतात आणि बाहेर दिसतात ते आसाच्या टोकांवर बसवलेले क्रँक आणि प्रतिभार. मॉडेलमध्येही तसंच. आता इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असावे लागतात, तरच दांडे अडकत नाहीत. एखादा क्रँक आसावर केसभर जरी सरकला तरी इंजिन लंगडतं. हे बघायचं कसं? काही जण इंजिन टेबलावर हाताने ढकलून बघतात. कृपा करून असं करू नका. आत वर्म गिअर असतो. वर्म चाकांना फिरवू शकतो, चाकं वर्मला फिरवू शकत नाहीत. जोर लावलात तर गिअरचे दात जातील. त्यापेक्षा रुळावर ठेवा आणि अगदी कमी व्होल्टेजला चालवा, इतकं हळू की दांडा वर जाताना आणि खाली येताना वेगवेगळा दिसेल. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडखळत असेल तर क्रँक किंवा दांडा. प्रत्येक फेऱ्यात एकदा टक् असा आवाज येत असेल तर बऱ्याचदा प्लास्टिकचा गिअर आसाजवळ तडकलेला असतो. गिअर बदलता येतो, पण तो मोजून मागवायचा, चाकं काढायची, पुन्हा काटकोन जुळवायचा, म्हणजे तीन रविवार गेले. तेवढे पैसे किमतीतून वजा करा. आणि घरघर आवाज येतोय, पण लय एकसारखी आहे, तर बहुतेक वेळा वाळून मेण झालेलं ग्रीस असतं. ते धुऊन नवीन लावलं की इंजिन दहा वर्षांनी तरुण होतं. मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी रबरी नळीही अशीच वाळून कडक होते. ती बदलायला काहीच लागत नाही.

त्या के-२७ चं काय? ते चाललं, मंडळी. दोन्ही दिशांना, गोगलगायीच्या वेगाने, एकही अडखळा न घेता. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. त्या वरून म्हणाल्या, "चहा?" आणि मी दचकलो.

मोटरकडे येतो, कारण आजकाल बहुतेकांना डीसीसी हवं असतं. जुन्या इंजिनांत उघड्या चौकटीची मोटर असते, चुंबक आणि तारांची गुंडाळी बाहेरून दिसते. तिच्यात दोन अडचणी. पहिली म्हणजे ती वीज जास्त खाते. साधारण एचओ डिकोडर एक अँपिअर सहन करतो. १२ व्होल्ट द्या, मल्टिमीटर मालिकेत जोडा, आणि इंजिन हलकेच दाबून धरा, की चाकं जागच्या जागी घसरतील किंवा मोटर अडेल. दोन सेकंदं, त्यापेक्षा जास्त नाही. काटा एकच्या वर गेला तर त्या मोटरवर डिकोडर लावणं म्हणजे डिकोडर जाळणं. चांगल्या स्थितीतली आधुनिक बंद डब्याची मोटर याच्या निम्म्याखाली राहते. दुसरी अडचण अशी, की या मोटरचा एक ब्रश बऱ्याचदा थेट सांगाड्याला जोडलेला असतो. डीसीसीमध्ये दोन्ही ब्रश सांगाड्यापासून वेगळे हवेत. मल्टिमीटर वाजवून बघा. आणि एक कळकळीची विनंती, कुतूहल म्हणून मोटर उघडून आतली गुंडाळी बाहेर काढू नका. जुन्या चुंबकाची शक्ती तेवढ्याने उतरते, आणि मग मोटर आणखी वीज खाते, आणखी तापते. मी केलंय.

मी स्वतः काय करतो? मोटर मेलेली असेल तर मला आनंद होतो. ऐकायला विचित्र वाटेल. पण मला मोटर बदलायचीच असते, आणि मेलेल्या मोटरने किंमत जेवढी उतरते त्याच्या पावपट खर्चात नवीन मोटर येते. सुटलेला सोल्डर, तुटका हँडरेल, हरवलेली घंटा, हेही तसंच. सुटे भाग मिळतात. चौकट वाकडी असेल, बॉयलरला पोचा असेल किंवा सिलिंडर भागच नसेल, तर मात्र खोकं बंद करून नमस्कार करायचा.

ओढण्याच्या ताकदीबद्दल थोडक्यात. पितळी बॉयलर आतून पोकळ असतो, त्यामुळे इंजिन दिसतं तेवढं जड नसतं. चार टक्के चढावर माझं इंजिन सुरुवातीला तीन डबे नेत होतं. बॉयलरमध्ये शिसं भरल्यावर सहा. शिसं भरताना तोल चालक चाकांच्या मधोमध आला पाहिजे, नाहीतर नाक तरी उचलतं नाहीतर शेपूट तरी. आणि कंब्रेसवर खऱ्या रेल्वेसारखी दोन इंजिनं लावायची असतील तर आधी एक प्रयोग करा. मघाशी सांगितलं ना, इंजिनाचा सांगाडा एका रुळाचा, टेंडरचा दुसऱ्या रुळाचा. आता पुढच्या इंजिनाच्या टेंडरचा कपलर मागच्या इंजिनाच्या नाकाला लागला, आणि दोन्ही धातूचे असतील, तर? शॉर्ट. मला हे समजायला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली. निदान एका बाजूला प्लास्टिकचा कपलर लावा.

आता किंमत. ब्राउन बुक नावाचं पितळी इंजिनांचं एक किमतींचं पुस्तक आहे, आणि विकणारे अजून ते काढून दाखवतात. कोणतं इंजिन कोणी आणलं ते बघायला ते उत्तम. किमतीसाठी नाही. त्या किमती अशा काळातल्या की पितळ म्हणजे गुंतवणूक असं लोक मानायचे. दरम्यान ब्लॅकस्टोनने के-२७ आणि सी-१९ कारखान्यात तयार, आवाजासकट बाजारात आणली, आणि ज्यांना फक्त चालवायचं होतं त्यांची पितळेची गरज कमी झाली. शिवाय ज्या पिढीने ही इंजिनं घेतली ती आता निरोप घेते आहे, आणि कपाटं एकामागून एक रिकामी होत आहेत. घेणाऱ्याला हा काळ चांगला आहे. म्हणून मी एकच आकडा मानतो, तेच इंजिन त्याच अवस्थेत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती पैशाला गेलं. मागितलेली किंमत नव्हे, विकली गेलेली. लिलावाच्या साइटवर संपलेल्या लिलावांचे आकडे बघता येतात. तीन-चार सापडले की अंदाज येतो.

तसे मी नऊचे आकडे काढले आणि चिठ्ठ्या दिल्या. दोष लिहिले, कॅबचा कोपराही लिहिला. त्यांनी खरंच दुसऱ्या एकाला दाखवलं, त्याचे आकडे माझ्या आसपासच होते. शेवटी एका जाणत्या दुकानदाराकडे विकायला ठेवली, टक्केवारीवर. सहा महिने लागले, आणि दुकानदाराचा वाटा जाऊन त्यांच्या हातात जवळपास चार हजार आले. आधीच्या व्यापाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याला माल पडून ठेवायचा होता, दुरुस्त करायचा होता, जोखीम त्याची. पण ही इंजिनं काय आहेत हे त्या बाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्याने ते सांगितलं नव्हतं.

के-२७ साडेसातशेला गेलं, दुसऱ्या राज्यातल्या कोणाला तरी. माझी मर्यादा पाचशेची होती. वाईट वाटलं, अजून वाटतं. मी घेतलं ते नवव्या खोक्यातलं सी-१९, दोनशे वीस डॉलरला, दुकानदाराच्या भावाने. मोटर मेलेली, टेंडरच्या एका बोगीची चाकं गायब, फोमची जाळी बॉयलरवर. खोक्यात तळाशी एक कार्ड होतं, पेन्सिलने तेल घातल्याच्या तारखा, शेवटची १९८८ ची. त्याच वर्गाचं ३४६ नंबरचं खरं इंजिन, १८८१ चं, इथे गोल्डनच्या कोलोरॅडो रेलरोड म्युझियममध्ये आहे. मी तीनदा जाऊन त्याचे फोटो काढून आलो. हँडरेल कुठे वळतो, वाळूचा पाइप कुठून उतरतो, हे फोटोवरून जुळवतोय.

पुण्याच्या एका श्रोत्याचा प्रश्न राहिला, की अमेरिकेतून मागवावं का. मागवा, पण पहिलंच इंजिन मागवू नका. कुरिअर, कस्टम्स, आणि वाटेत सुटलेला सोल्डर, यातलं परत पाठवण्यासारखं काहीच नसतं. आधी सोल्डरिंग आयर्न हातात बसू द्या. आणि विकणाऱ्याकडे दोनच गोष्टी मागा: हळू चालतानाचा व्हिडिओ, दोन्ही दिशांचा, आणि इंजिन उलटं करून काढलेला फोटो. देत नसेल तर पुढचं बघा.

पुढच्या भागात सी-१९ ची मोटर बदलू. तोवर तुमच्या मेल येऊ द्या. इंजिन घेऊ का म्हणून विचारणार असाल तर बाजूने काढलेले सुंदर फोटो नकोत, पोटाचा पाठवा.